पाहुण्यांच्या पलंगासाठी गादी सांगितली आहे

ती. आई-बाबा,
सा. न.

पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगासाठी नवी गादी सांगितली आहे, पैसेही भरले आहेत. तुम्हाला न विचारता ठरवलं म्हणून बाबा घुश्शात येतील, पण आधी सगळं वाचा. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. 2015 ला आपल्याकडे किती माणसं होती ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, आणि तेव्हाही ऐन पावसाळाच होता. आत्या आधीपासून राहायला येणार हे नक्की. तिच्या गुडघ्यांना आता खाली अंथरलेल्या गादीवरून उठणं जमत नाही. मग तुम्ही दोघं तिला तुमचा पलंग द्याल आणि स्वतः हॉलमध्ये झोपाल. तेच मला होऊ द्यायचं नाहीये.

बाबा, तुमचा जीव स्प्रिंगच्या गादीवर होता. गादी चांगलीच असते, पण आपल्या पलंगाला ती सोसणार नाही. सागवानी पट्ट्या मजबूत आहेत, पण दोन पट्ट्यांमध्ये जवळजवळ सहा इंचांची फट आहे. स्प्रिंगला खालून सलग आधार लागतो. फटीवर आलेला भाग खाली दबतो, पट्टीवरचा तसाच राहतो आणि हळूहळू पाठीला उंचवटे लागायला लागतात. काथ्याची तर नकोच. तो थर एकदा वाकला की पुन्हा सरळ होत नाही, वर फटींतून त्याचा भुसा फरशीवर पडत राहतो, आणि आई, तो झाडत बसणार तू. मेमरी फोम नाशिकच्या डिसेंबरात कडक होतो आणि उन्हाळ्यात इतका मऊ पडतो की कूस बदलायलाही जोर लावावा लागतो. आत्याला ते झेपायचं नाही.

म्हणून रिबॉन्डेड फोमची, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेली घेतली. खाली चार इंच 90 डेन्सिटीचा (घनमीटरला 90 किलो) घट्ट थर, वर एक इंच 32 डेन्सिटीचा मऊ फोम. जाडी पाच इंचच ठेवली, ती मुद्दाम. जमिनीपासून पट्ट्यांपर्यंत 14 इंच भरतात. त्यावर पाच म्हणजे 19, आणि बसल्यावर थोडं दबून 18. एवढ्या उंचीवर तळपाय पुरते टेकतात आणि उठताना गुडघ्यांवर भार कमी येतो. आठ इंची घेतली असती तर 22 झाले असते आणि आई, तुझे पाय अधांतरीच राहिले असते. पलंगाचं आतलं माप 74.5 × 47.5 इंच आहे. तयार मिळते ती 75 × 48 ची. तेवढी चौकटीत कोंबली की मध्ये फुगते आणि कड वर येते, म्हणून 74 × 47 ची बनवायला दिली.

गादीच्या आधी सुतार येईल. प्रत्येक फटीच्या मधोमध तीन इंच रुंदीची एक नवी पट्टी टाकायची, म्हणजे फट दीड इंचावर येते. अख्खा प्लाय ठोकून द्यायला तो सांगेल, कारण काम लवकर उरकतं. ऐकू नका. पावसाळ्यात प्लाय आणि गादीच्या मध्ये दमटपणा कोंडतो आणि गादीच्या पोटाला बुरशी धरते. प्लाय टाकलाच तर त्याला भोकं पाडावी लागतात, त्यापेक्षा पट्ट्या बऱ्या. लाकूड वाळलेलंच हवं, ओलं असेल तर पुढे पीळ भरतो. स्क्रूसाठी आधी ड्रिलने बारीक भोक, नाहीतर पट्टीचं टोक चिरतं, आणि स्क्रूचं डोकं लाकडात बुडलेलं हवं. पट्ट्यांवरून तळहात फिरवून बघा, कुठे टोचलं तर तिथे पॉलिश पेपर मारून घ्या. पलंग चार फुटी आहे आणि मामा-मामी आले की त्यावर दोघं झोपणार, तेव्हा पट्ट्यांखाली मधोमध लांबीला एक दांडा आणि त्याला जमिनीवर टेकणारा पाय लावायला सांगितलंय. तो पाय लावल्याशिवाय सुताराला जाऊ देऊ नका.

गादी आली की बाबा, टेप घेऊन लांबी, रुंदी आणि जाडी तीन-तीन ठिकाणी मोजा. कव्हरला चेन आहे, कोपरा उघडून बघा. खालचा थर रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला दिसला पाहिजे. सगळीकडे एकाच रंगाचा साधा फोम दिसला तर परत पाठवा, भिडेला बळी पडू नका. वजन बावीस-तेवीस किलो आहे, दोघांनी मिळूनही उचलायची नाही. आणणाऱ्यांकडूनच पलंगावर ठेवून घ्या. बाबा, कमरेचा पट्टा बांधला म्हणजे चालतं असं नाही.

आई, आता तुझ्याशी. प्लास्टिक काढायचं. खराब होईल म्हणून ठेवायचं नाही. प्लास्टिकवर घाम जिरत नाही, माणूस रात्रभर चुळबुळत राहतो आणि खाली ओल साचते. वरून सुती प्रोटेक्टर पाठवतेय, तो धुता येतो. पहिले दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या ठेव, नवा वास जाईल. ही गादी उन्हात टाकू नकोस, फोम पिवळा पडून भुगा होतो. पलंगाखालच्या ट्रंका पट्ट्यांना भिडलेल्या नकोत, मध्ये चार बोटं तरी जागा हवी.

आणि जुनी कापसाची गादी कुठेही जाणार नाही. तिच्यावर तुमच्या दोघांच्या मध्ये झोपूनच मी मोठी झाले, ती टाकायला मी सांगेन का? पावसाळ्याआधी पिंजाऱ्याला बोलाव. ओलसर कापूस नीट पिंजला जात नाही, गाठी राहतात. तिच्या दोन पातळ गाद्या करून घे, पर्वणीला मुलांना खाली घालायला होतील. फक्त नव्या गादीवर तिला अंथरू नकोस, मऊ वाटेल म्हणूनसुद्धा नको. उंची पुन्हा दोन-तीन इंच वाढेल आणि आत्याचं उठणं अवघड होईल.

दर दोन-तीन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवायची, पालथी घालायची नाही, मऊ थर एकाच बाजूला आहे. त्या कामासाठी मी येईन किंवा शेजारच्या दादाला हाक मारा. वॉरंटी कार्ड आणि बिल कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये ठेवा. सुताराचे पैसे मी दिले आहेत, बाबा, पुन्हा देऊ नका. चहा मात्र द्या.

तुमची,
मनू