मालवण सहलीत किल्लादर्शन व मालवणी भोजन न दिल्याबद्दल तक्रार

दिनांक : १२ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
सहल आयोजक कंपनी, नागपूर शाखा.

विषय : मालवण सहलीतील सेवेच्या त्रुटींबद्दल तक्रार व रकमेच्या परताव्याची मागणी.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा ६ जूनचा ईमेल.

महोदय,

२८ मे रोजी नागपूर-मडगाव गाडीने निघालेल्या आपल्या मालवण सहलीत मी, माझी पत्नी, मुलगी आणि आई असे चौघे होतो. माणशी २३,५०० रुपयांप्रमाणे एकूण ९४,००० रुपये आम्ही एप्रिलमध्येच भरले होते. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत दोन गोष्टींची हमी होती : बोटीने सिंधुदुर्ग किल्ल्याचे दर्शन आणि दोन्ही वेळा घरगुती मालवणी जेवण. यांपैकी एकही मिळाली नाही. आपल्या ईमेलमध्ये याचे सगळे खापर लवकर आलेल्या पावसावर फोडले आहे. ते मला मान्य नाही.

यंदा मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि दुसऱ्याच दिवशी तळकोकणात पोहोचला, हे खरे आहे. परंतु मालवण जेटीवरून किल्ल्याकडे जाणारी होडी वाहतूक, तसेच तारकर्ली आणि देवबाग भागातील स्कूबा डायव्हिंग, पॅरासेलिंग यांसारख्या जलक्रीडा पावसाळ्यासाठी २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद ठेवण्याचा सागरी मंडळाचा शिरस्ता आहे. पाऊस अगदी १० जूनला आला असता, तरी २९ मे रोजी आम्ही मालवणात उतरलो तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्याच दिसल्या असत्या. जेटीवरच्या कोणत्याही होडीवाल्याला तोंडपाठ असलेली ही तारीख कोकणच्या सहली काढणाऱ्या कंपनीला ठाऊक नव्हती, असे मानणे कठीण आहे. आणि ठाऊक असूनही २८ मेच्या तुकडीला किल्लादर्शन विकले असेल, तर ती त्रुटी नसून फसवणूक आहे. नोंदणी करताना मी हा प्रश्न स्पष्टपणे विचारला होता. त्यावर आपल्या प्रतिनिधीने ‘मे अखेरपर्यंत सगळे सुरू असते’ असे व्हॉट्सॲपवर लेखी कळवले होते.

ही सहल खास विदर्भातील कुटुंबांसाठी म्हणून जाहीर झाली होती, याकडेही लक्ष वेधतो. उर्वरित महाराष्ट्रातील शाळा १६ जूनला उघडत असताना उन्हामुळे आपल्याकडील शाळा २३ जूनला उघडतात, म्हणून मेच्या शेवटी निघायला नागपूरची कुटुंबे तयार असतात. मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना जे दिवस विकता येत नाहीत, ते आम्हाला विकले गेले असावेत, असा माझा समज झाला आहे. तो चुकीचा असेल, तर आपण पुराव्यानिशी खोडून काढावा.

शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्याच्या बांधकामास सुरुवात केली, तो सिंधुदुर्ग कुरटे बेटावर आहे आणि तिथे बोटीशिवाय जाता येत नाही. राजाराम महाराजांच्या काळातले शिवराजेश्वर मंदिर, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायांचे ठसे, खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी, यांतले काहीही किनाऱ्यावरून दिसत नाही. आपल्या मार्गदर्शकाने भर पावसात बस जेटीजवळ थांबवली, तटबंदीकडे बोट दाखवले आणि परतताना ‘किल्लादर्शन : पूर्ण’ असे छापलेल्या कागदावर प्रवाशांच्या सह्या मागितल्या. मी सहीपुढे ‘फक्त किनाऱ्यावरून’ असे लिहिले आहे.

समुद्र बंद होता, पण जमीन बंद नव्हती. विजयदुर्ग किल्ला, कुणकेश्वरचे मंदिर, धामापूरचा तलाव आणि त्याच्या काठचे भगवती मंदिर या सर्व ठिकाणी रस्त्याने जाता येते. विजयदुर्गाची मागणी तर बहुतेक सहप्रवाशांनी केली होती. त्याऐवजी आम्हाला एका काजूच्या दुकानात नेऊन अर्धा दिवस बसवून ठेवण्यात आले.

जेवणाबद्दलचा माझा राग अधिक आहे, कारण त्यात पावसाचा संबंधच नव्हता. पहिल्या रात्री पनीर बटर मसाला, तंदुरी रोटी आणि जिरा राइस मिळाला. पुढेही फक्त भाज्यांची नावे बदलत राहिली. एका रात्री तर मटणाचा ‘सावजी रस्सा’ मोठ्या अभिमानाने पुढे आला. चौकशी केल्यावर हॉटेलच्या व्यवस्थापकाने सांगितले की, ‘नागपूरच्या मंडळींना नारळाचे जेवण चालत नाही, तिखट ठेवा’ अशी सूचना आपल्याच कार्यालयाकडून आली होती. सावजी खाण्यासाठी नागपूरकराला कोकण रेल्वेने प्रवास करावा लागत नाही, त्यासाठी इतवारी जवळ आहे. आणि मालवणात जो सावजी मिळाला, त्याविषयी न लिहिलेलेच बरे.

ईमेलमध्ये ‘मासेमारी बंद असल्याने पर्यायी भोजन’ असे म्हटले आहे. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जूनपासून बंद होते आणि खवळलेल्या समुद्रामुळे त्याआधीच सुरमई-पापलेट मिळणे कठीण झाले होते, हे मी समजू शकतो. पण कोंबडी-वड्यांना समुद्र लागत नाही. सोलकढी आमसुले आणि नारळाच्या रसाची होते. माझी आई शाकाहारी आहे आणि तिच्यासाठी तर आम्ही मालवणी जेवणाच्या भरवशावरच ही सहल निवडली होती. काळ्या वाटाण्याचे सांबार, आंबोळ्या, घावणे, फणसाची भाजी, रसातल्या शिरवळ्या, यांतले काय बंदीत अडकले होते? अखेरीस आम्ही स्वखर्चाने रिक्षा करून गावातल्या एका घरगुती खानावळीत जेवू लागलो. तिथे वाटाण्याचे सांबार आणि गरम वडे मिळाले, आणि काकूंनी आईसाठी दुसऱ्या दिवशी आंबोळ्या करून ठेवल्या. एका बाईंना एकटीने जे जमले, ते आपल्या हॉटेलला का जमू नये, हे मला कळलेले नाही.

पुढील सहलीत वापरण्यासाठी आपण देऊ केलेले माणशी २,००० रुपयांचे कूपन मी नाकारत आहे. आपल्याच दरपत्रकात किल्ला व जलक्रीडेपोटी माणशी ३,२०० रुपये आणि मालवणी भोजनापोटी माणशी ४,८०० रुपये दाखवले आहेत. चौघांचे मिळून हे ३२,००० रुपये आणि बाहेरचे जेवण व रिक्षा यांवर झालेला ४,१५० रुपयांचा खर्च, असे ३६,१५० रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावेत. राहण्याची खोली स्वच्छ होती आणि गाडीची आरक्षणे व्यवस्थित होती, म्हणून त्यांविषयी माझी मागणी नाही.

मुदतीत रक्कम न मिळाल्यास मी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये नागपूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करेन. पावतीच्या मागे ‘सर्व वाद मुंबईच्या न्यायकक्षेत’ असे छापले आहे, परंतु कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कही लागत नाही.

आपला,
(सही)
धरमपेठ, नागपूर

सोबत : पावती, माहितीपत्रक व दरपत्रकाच्या प्रती, प्रतिनिधीशी झालेला व्हॉट्सॲप संवाद, सही केलेल्या कागदाचे छायाचित्र, खानावळीची बिले.