एरर वाचायला शिकवणाऱ्या दादांना

ती. दादांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला एकट्यालाच पाठवता आलं असतं. पण त्या संध्याकाळी मला जे मिळालं ते माझ्यासारख्या आणखी कुणाच्या उपयोगी पडेल, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

आमच्या हळदीच्या पेढीचं ऑफिस सांगलीच्या गणपती पेठेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी आत शिरलं, कॉम्प्युटर बुडाला आणि जुने हिशोब त्याच्याबरोबर गेले. तेव्हापासून शेठजींनी सगळा डेटा मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलाय. तिथल्या मायएसक्यूएल या डेटाबेसमधून रोजच्या सौद्यांचा तक्ता मिरजेतल्या घरून पायथनच्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रामने, काढायचा, एवढंच माझं काम. चार दिवस झाले तरी होईना. मार्चचा महिना, यार्डात राजापुरी हळदीची आवक जोरात, आणि शेठजी रोज विचारायचे, "झालं का?"

विश्रामबागला तुमच्याकडे लॅपटॉप घेऊन आले तेव्हा वाटलं होतं, तुम्ही दोन ओळी बदलाल आणि काम होईल. तुम्ही कीबोर्डला हातही लावला नाहीत. म्हणालात, "एरर मोठ्याने वाच."

पहिली होती 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. स्क्रिप्टमध्ये मी होस्ट (कुठल्या मशीनला जोडायचं ते) म्हणून लोकलहोस्ट लिहिलं होतं, म्हणजे माझा लॅपटॉप स्वतःचंच दार वाजवत होता आणि आत मायएसक्यूएल नव्हतंच. तिथे सर्व्हरचा पत्ता घातला, तर स्क्रिप्ट नुसती थांबून राहिली आणि शेवटी 'टाइम्ड आउट'. या दोन्हींतला फरक तुम्ही सांगितलात तो आता विसरणार नाही. रिफ्यूज्ड म्हणजे मशीन भेटलं, पण त्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकणारं कुणी नाही. टाइमआउट म्हणजे उत्तरच आलं नाही, बहुतेक वेळा वाटेत जोडणी अडवणारी फायरवॉल असते.

मी लगेच म्हटलं, मग मायएसक्यूएलचा ३३०६ पोर्ट सगळ्यांसाठी उघडू या. तुम्ही माझ्याकडे बघून शांतपणे विचारलंत, "शेतकऱ्यांची खाती आहेत ना त्यात?" त्या एका प्रश्नासाठी तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही. मी खरंच उघडून बसले असते.

मग तुम्ही एसएसएच बोगदा, म्हणजे सर्व्हरपर्यंतची कुलूपबंद वाट, समजावलात. माझ्या लॅपटॉपवरचा ३३०७ पोर्ट एसएसएचमधून थेट सर्व्हरच्या आतल्या ३३०६ ला जोडायचा. मायएसक्यूएल तिकडे १२७.०.०.१ वरच, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या आतल्या पत्त्यावरच, ऐकत राहतं, बाहेरच्यांसाठी बंदच. स्क्रिप्टमध्ये होस्ट १२७.०.०.१, पोर्ट ३३०७. चालवलं, तर 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. माझे डोळे भरून आले होते, आणि तुम्ही चक्क टाळी वाजवलीत! "अगं, एरर बदलली. डेटाबेसपर्यंत पोचलीस तू."

मायएसक्यूएलमध्ये युजर म्हणजे नाव आणि तो कुठून येतो, दोन्ही मिळून. माझा युजर घरच्या आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावर, बांधलेला होता, आणि घरच्या ब्रॉडबँडचा आयपी कधीच बदलला होता. शिवाय बोगद्यातून जाणारी जोडणी सर्व्हरला त्याच मशीनवरून आल्यासारखी दिसते. म्हणून लोकलहोस्टसाठी नवा युजर केला, आणि त्याला नुसती सिलेक्टची, म्हणजे वाचायची, परवानगी दिली. तक्ता काढणाऱ्याला खोडायचा हक्क कशाला, हे तुमचं म्हणणं मला फार पटलं.

तक्ता आला, पण गावांची नावं नुसती प्रश्नचिन्हं. तासगाव नाही, कवठेमहांकाळ नाही. जोडणीचा कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं लिहायची पद्धत, लॅटिन-१ राहिला होता आणि त्यात देवनागरी बसत नाही. तो यूटीएफ८एमबी४ केला आणि पडद्यावर पहिल्याच ओळीत 'हरिपूर' उमटलं. माझं आजोळ.

निघताना तुम्ही पासवर्ड स्क्रिप्टमधून काढून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे स्क्रिप्टबाहेरच्या नोंदीत, ठेवायला लावलात. तीच फाइल मी आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती म्हटल्यावर पासवर्डही तिथल्या तिथे बदलून घेतलात. एकदाही आवाज चढला नाही तुमचा. कामाच्या जागी प्रश्न विचारला की "एवढं पण येत नाही?" ऐकायची सवय झाली होती मला. तुमच्याकडे ती भीती वाटली नाही.

काल ऑफिसातल्या नव्या मुलीची स्क्रिप्ट अडली. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली, हात मांडीवर ठेवले आणि म्हटलं, "मोठ्याने वाच."

वहिनींनी दिलेला डबा माझ्याकडेच आहे. रविवारी घेऊन येते.

तुमची,
मिरजेची धाकटी बहीण