कारवारच्या त्या दोन मुलांचे आणि मावशींचे आभार

रविवारी खानापूरहून कारवारला गेलो ते बाबांना टागोर बीचवरची ‘आयएनएस चपळ’ दाखवायला. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतले निवृत्त हवालदार, आता गुडघे गेलेत. 1976 साली नौदलात आलेली ही रशियन बनावटीची क्षेपणास्त्र नौका आज संग्रहालय आहे; पण वर जायचा जिना बघूनच बाबा म्हणाले, “मी थांबतो खाली.”

तेवढ्यात तुम्ही दोघं पुढं आलात. “आजोबा, खांद्यावर हात ठेवा.” एक पुढं, एक मागं, एकेक पायरी. वर गेल्यावर बाबांनी त्या गरम लोखंडावर तळहात ठेवला, तो बराच वेळ काढलाच नाही.

उतरल्यावर धाप लागली, तेव्हा शहाळेवाल्या मावशींनी स्वतःचं स्टूल दिलं. पैसेही घेतले नाहीत. नावं विचारायची राहिली. पोरांनो, मावशी, मनापासून आभार. बाबा रोज तुमची आठवण काढतात.