गोठ्यातली एमजीबी घरी आणताना

प्रिय अव्या,

हेरफर्डशायरच्या गोठ्यात इतकी वर्षं उभी असलेली १९७२ची एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार तू घेतलीस, फार आनंद झाला. पण तिला दोर बांधून लेस्टरपर्यंत ओढत आणायचा बेत सोड. अशा गाडीच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधली रबरं वाळलेली असतात, ब्रेक ऑइलने पाणी धरलेलं असतं. अंगणात पेडल घट्ट लागेल आणि पहिल्याच उतारावर तळाला जाईल. शिवाय मागची चाकं फिरली की न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरतो. इंजिन बंद म्हणून ऑइल उडवणारी खालची गिअरं मात्र जागची हलत नाहीत. बेअरिंगं कोरडी चालतात. ए-फ्रेमही नको, म्हणजे गाडीच्या पुढच्या भागाला जोडून तिला तिच्याच चाकांवर ओढायची त्रिकोणी चौकट. तिला जोडलेली गाडी कायद्याने ट्रेलर ठरते, ७५० किलोच्या वर ट्रेलरला चालते ब्रेक लागतात, आणि एमजीबी भरते साडेनऊशेच्या आसपास.

तेव्हा दोन ॲक्सलचा, ब्रेक आणि विंच (तार गुंडाळून गाडी वर ओढणारं यंत्र) असलेला ट्रेलर भाड्याने घे. चारही चाकं वर, म्हणजे तिच्या टॅक्सचा आणि एमओटीचा (वार्षिक तपासणीचा) प्रश्नच नाही. ट्रेलर धरून वजन सोळाशे किलोच्या घरात जाईल. तेवढं ओढायला तुझी गाडी चालते का, ते तिच्या चेसिस नंबरच्या प्लेटवर आधी बघ.

जाताना हवा भरायचा पंप, जॅक, लाकडी ठोकळे, रबरी हातोडा आणि इंची पाने ने. मिलिमीटरचे पाने तिथे बसणार नाहीत. किल्ली आठवणीने मागून घे, स्टिअरिंग लॉक अडकलेलं असेल तर पुढची चाकं वळणार नाहीत. मागची चाकं जाम असतील तर जोर लावून खेचू नकोस, ड्रमच्या आत लायनिंग गंजून चिकटलेलं असतं. चाक उचल, गाडी ठोकळ्यांवर टेकव, हँडब्रेक सोड. ब्रेकच्या बॅकप्लेटमागे चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर आहे, तो घड्याळाच्या उलट दिशेने सैल कर आणि ड्रमला चहूबाजूंनी हातोड्याने हलके ठोक. बहुतेक वेळा ‘टक्’ असा आवाज होऊन चाक सुटतं. इंजिन सुरू करून बघायचा मोह टाळ. सीटमागच्या झाकणाखाली बॅटरी असेल तर तिच्या तारा काढून ठेव.

विंचचा पट्टा पुढच्या क्रॉसमेंबरला (पुढच्या चाकांमधल्या आडव्या तुळईला) घाल, स्टिअरिंग रॅक आणि ब्रेकच्या नळ्या चुकवून. गाडी चढताना तारेच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. बांधायला ५० मिलिमीटरचे चार रॅचेट पट्टे, प्रत्येक चाकाला वेगळा, टायरवरून. तारेची चाकं असतील तर आऱ्यांतून पट्टा कधीच नाही. सिलला, म्हणजे दाराखालच्या पट्टीला, तर मुळीच बांधू नकोस, एमजीबी सगळ्यात आधी तिथेच गंजते. आणि बॉडी खाली दाबून बांधली तर प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंग बसते आणि पट्टा सैल पडतो. चाक बांधलं की बॉडी वर मोकळी हलते, पट्टा तसाच राहतो. कापडी टप काढून आत ठेव, वाऱ्याने फाटेल.

सगळ्यात जास्त जीव घालायचा तो तोलात. टो-बॉलवर (तुझ्या गाडीमागच्या, ट्रेलर जोडायच्या गोळ्यावर) भार कमी पडला तर ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो. तुझ्या टो-बारवर कमाल भार लिहिलेला असेल. त्याच्या जवळ जाईल, वर नाही, अशी एमजीबी पुढेमागे सरकव. दहा सेंटीमीटरनेही फरक पडतो. भार मोजायला घरातला वजनकाटा आणि लाकडाचा तुकडा पुरतो. तरी हलायला लागलाच, तर ब्रेक नको, स्टिअरिंगची झटापट नको. ॲक्सिलरेटर सोड आणि स्टिअरिंग सरळ धर. ब्रेकअवे केबल, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार, जोडायला विसरू नकोस. मोटरवेवर ताशी ६० मैलांच्या वर नाही, तीन लेनच्या रस्त्यावर उजव्या टोकाच्या लेनमध्ये नाही. पहिल्या दहा मैलांवर थांबून चारही पट्टे हाताने ओढून बघ, ते हमखास थोडे सैल झालेले असतात.

घरी पोचल्यावर पट्टे सोडायच्या आधी विंचची तार ताणून घे. ब्रेक नसलेली गाडी रॅम्पवरून उतरवताना तारेवरच खाली सोडायची, हाताने धरून नाही, आणि खाली सपाट जागेवर चाकांना ठोकळे लागल्याशिवाय हूक काढायचा नाही.

उचलायला कधी जातोस ते कळव.

तुझा,
मन्या