लाल ठिपके पुसण्याआधी फोन केल्याबद्दल

काका,

सा. न. वि. वि.

बाबांचा बिघडलेला बेस गिटारचा ॲम्प तुम्ही दुरुस्त करून दिलात, त्याबद्दल व्हॉट्सॲपवर ‘थँक्यू काका’ लिहून मोकळं व्हायला मन घेईना. तुम्ही उलट नमस्कार पाठवला असता आणि पुढचं काम हातात घेतलं असतं. मला हे चारचौघांत सांगायचंय. तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता देत नाही, कारण ‘हातातली कामं आधी उरकू द्या, उगाच गर्दी नको’ असं तुम्हीच बजावलंय. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला, तपकीर गल्लीत ज्यांची रोजची ये-जा आहे, त्यांना कळेलच.

शनिवारी बाबांचा ॲम्प पुन्हा स्टेजवर वाजला. ते गेल्यानंतर पहिल्यांदाच. साउंड चेकला मी स्विच टाकला, दिवा लागला, आणि साउंडवाला पोरगा मागे येऊन विचारतो, “ताई, ॲम्प चालू आहे ना?” इतका शांत होता तो! मी बेसची मोकळी ई, म्हणजे सगळ्यात जाड तार, छेडली आणि पायाखालची फळी थरथरली. पोरगा हसला. मला मात्र पुढचं गाणं सुरू होईपर्यंत मान वर करता आली नाही.

जे हे वाचताहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. हा पीव्हीचा टीएनटी, पंधरा इंची स्पीकरचा बेस कॉम्बो. म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. हार्टली पीव्ही यांनी १९६५ साली अमेरिकेत, मिसिसिपीतल्या मेरिडियन गावी ही कंपनी काढली. रोज वाजवून पोट भरणाऱ्या वादकाच्या खिशाला झेपेल आणि टेम्पोत आदळआपट झाली तरी टिकेल असा माल, हीच त्यांची ओळख. बाबांनी हा ॲम्प जहाजावर वाजवणाऱ्या एका वादकाकडून जुना घेतला. दिवसा कंपनी आणि रात्री ऑर्केस्ट्रा असं त्यांचं आयुष्य. गणपतीत तर एका मांडवातून दुसऱ्या मांडवात. त्या सगळ्या वर्षांत ह्या पेटीनं एकदाही दगा दिला नाही. आतले कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून तिचे चढउतार सपाट करणारे भाग, वयानं सुकतात, त्यात बनवणाऱ्याचा काही दोष नाही, हे तुम्हीच मला समजावलंत.

हम, म्हणजे ॲम्पमधून सतत येणारी घूंऽऽ अशी घरघर, सुरू झाला तो बाबांच्या आजारपणात. तेव्हा कुणाला त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता. नंतर मी तो घेऊन दुरुस्तीसाठी फिरले, आणि इथे मला जरा मनातलं बोलू द्या.

पहिलं दुकान मोठं, काचेचं, एसीचं. सोबत भाऊ होता, ॲम्प उचलायला. काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे न बघता त्याला विचारलं, “काय प्रॉब्लेम आहे?” भावाला ॲम्पमधलं ओ की ठो कळत नाही. मी उत्तर दिलं की तो माणूस पुढचा प्रश्न पुन्हा भावालाच विचारायचा. त्यांनी काय दुरुस्ती केली? हम कमी व्हावा म्हणून अर्थिंगची हिरवी वायर आतून तोडून तिला काळी टेप गुंडाळली, आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली. हम होता तिथेच होता. बिल मात्र चोख घेतलं.

बेसवाल्यांनी आणि गिटारवाल्यांनी हे नीट वाचा. आपल्या तारा ब्रिजमधून, केबलमधून थेट ॲम्पच्या चॅसीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. अर्थिंग तुटलेलं असेल आणि आत कुठे गळती झाली, तर तारांवर हात आणि माइकला ओठ लागल्याक्षणी करंटला वाट मिळते ती आपल्या अंगातून. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत ‘स्टोन द क्रोज’ ह्या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्टेजवर असाच गेला. एका हातात गिटार, दुसरा हात अर्थिंग नसलेल्या माइकला. मला रिहर्सलमध्ये ओठाला नुसता झटका बसला, त्यावर निभावलं. त्या दुकानातल्या माणसाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. माहीत असून त्यानं ते केलं आणि माझ्या हातात ॲम्प देताना एक शब्द सांगितला नाही, ह्याचा राग अजून जात नाही.

दुसऱ्या ठिकाणी वेगळाच सल्ला. “हे भंगार झालंय, स्पीकरही घासतोय. आतलं सगळं काढून टाकू, तयार बोर्ड बसवू, ब्लूटूथपण येईल.” मी नको म्हटलं, आहे तेच दुरुस्त करा म्हटलं. मग ॲम्प तिथे पावसाळाभर ओलीच्या कोपऱ्यात पडून राहिला. परत आणला तेव्हा ट्रेबलचा नॉब गायब आणि जाळीवर बुरशी. पेटी उघडलीसुद्धा नव्हती.

आणि मग तुम्ही, काका.

तुम्ही आधी बेस आणलाय का विचारलंत. आणला होता. भाऊ बाजूलाच उभा होता, पण तुम्ही स्टूल माझ्याकडे सरकवलंत आणि म्हणालात, “बसा. वाजवा. मी ऐकतो.” पण त्याआधी फ्यूजची ती तार काढलीत, हिरवी वायर जोडलीत आणि ॲम्प सिरीज बल्बवर लावलात, म्हणजे वीज आधी एका बल्बमधून जाईल अशी. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो. बल्ब क्षणभर लागला आणि मंदावला, तेव्हा कुठे तुमचा चेहरा सैल पडला. “शॉर्ट नाही. जिवंत आहे.”

सगळे नॉब तुम्ही शून्यावर आणलेत, हम तेवढाच. “म्हणजे पॉवर सप्लायकडून येतोय,” तुम्ही म्हणालात. मग मला मोकळी जी वाजवायला लावलीत. नोट चालू असताना हमाबरोबर ती हलत होती, सेकंदाला साधारण दोनदा, वाँव वाँव अशी. इतकी वर्षं बेस वाजवते, पण हे मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत: घरची वीज सेकंदाला पन्नास सायकलची, रेक्टिफायरनंतर (एसी विजेची डीसी करणारा भाग) तिचा हम शंभरचा होतो. बेसची मोकळी जी ९८ हर्ट्झची. दोघांत दोनचा फरक, म्हणून दोन हेलकावे. अर्थिंगचा हम बहुतेक पन्नासचा असतो, हा शंभरचा, म्हणजे फिल्टरचे मोठे कंडेन्सर सुकलेत. अर्थिंग तोडून तो जाणारच नव्हता. ज्याच्यापायी मला झटका बसला ते काम मुळातच चुकीच्या जागी केलेलं होतं, आणि ते ओळखायला एक तार आणि ऐकणारा कान पुरे झाला.

मी तेव्हा बरंच काही मागत होते, आठवतं? लाइन आउट (ॲम्पचा आवाज थेट साउंड सिस्टीमला देणारी जोडणी) हवा, हॉर्न (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) लावता येईल का, आवाज जरा आजकालचा होईल का. तुम्ही शांतपणे विचारलंत, “आवाज बदलायचाय की हम घालवायचाय? ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं करायचं तर आधी हा मूळचा कसा वाजतो ते ऐका, मग ठरवा.” लाइन आउट तुम्ही केलात, कारण तो गरजेचा होता आणि त्यासाठी मूळचं काही कापावं लागत नव्हतं. हॉर्नला नाही म्हणालात. घासणारा स्पीकर फेकायचा नव्हताच. ह्या ब्लॅक विडो स्पीकरचं मॅग्नेट मागचे स्क्रू काढून वेगळं होतं. तुम्ही मॅग्नेट सोडवून फटीतली धूळ चिकटपट्टीनं काढलीत आणि ते पुन्हा बसवलंत, झालं. ट्रान्सफॉर्मर अमेरिकेतला, १२० व्होल्टचा नि साठ सायकलचा. आपल्या पन्नासवर जास्त तापतो, म्हणून २३० व्होल्टचा नवा वाइंड करून घेतलात. बाबा जन्मभर वागवत आले तो व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउनचा जड डबा आता माळ्यावर गेला. बाकीचं तपशीलवार तुमच्या बिलात आहेच.

पण हे पत्र लिहायला मी बसले ते ह्यातल्या कशासाठीही नाही.

त्या दिवशी दुपारी तुमचा फोन आला. मी ऑफिसात होते. तुम्ही म्हणालात, “ताई, पॅनेल पुसायला घेतोय. धूळ आणि सिगारेटचा थर आहे, थिनर लावावा लागेल. पण नॉबच्या कडेला लाल ठिपके आहेत, नेलपॉलिशचे वाटतात. थिनर लागलं की जातील. कुणी मुद्दाम लावलेत का?”

काका, ते आईच्या नेलपॉलिशचे आहेत. बाबांनी स्वतः लावलेले. स्टेजच्या मागच्या अंधारात आकडे दिसायचे नाहीत, म्हणून प्रत्येक नॉबला खूण. एक ठिपका हॉलसाठी, जवळजवळ दोन ठिपके मांडवासाठी. ज्यांनी कधी बेस वाजवला नाही त्यांना वाटेल, ठिपकेच तर आहेत! पण मोकळ्या ईचा सूर ४१ हर्ट्झचा, त्याची एक लाट आठ मीटरपेक्षा लांब. बंद हॉलमध्ये ती भिंतींवर आपटून घुमते आणि गाण्याचा चिखल करते, तिथे बेसचा नॉब खाली हवा. कापडी मांडवात ती सगळीकडून निसटून जाते, तिथे वर हवा. किती वर ते बाबांनी वर्षानुवर्षं गावोगावी वाजवून ठरवलं होतं. कुठल्या वहीत त्यांनी हे लिहून ठेवलेलं नाही. ते फक्त त्या पॅनेलवर आहे, लाल रंगात, त्यांच्या हातचं.

मला फोनवर बोलता येईना. तुम्ही ‘हॅलो, हॅलो’ केलं नाहीत. थांबलात. मी कसंबसं ‘बाबांचे आहेत’ म्हटलं, आणि तुम्ही म्हणालात, “मग राहू देत. काही काळजी करू नका.” एवढंच.

मी ॲम्प न्यायला आले तेव्हा आधी पॅनेल पाहिलं. काळा रंग, पांढरी अक्षरं, सगळं लख्ख. आणि प्रत्येक ठिपका जागच्या जागी. कापसाच्या काडीनं तुम्ही ठिपक्यांच्या कडेकडेनं पुसत गेला होतात, दोन ठिपक्यांमधली बारीक जागासुद्धा. मिडच्या नॉबजवळच्या ठिपक्याचा टवका उडायला आला होता, त्यावर वार्निशचा एक थेंब दिलेला. हरवलेल्या ट्रेबलच्या जागी तुमच्या डब्यातला नॉब, आणि त्याची रेघ बरोबर बाबांच्या खुणेवर आणून ठेवलेली.

मी त्याबद्दल बोलायला गेले तर तुम्ही विषय बदललात आणि जुन्या कंडेन्सरची पिशवी हातात दिलीत. “काय काढलं ते तुम्हाला दिसायला पाहिजे.” बिलात एकेक वस्तू लिहिलेली, मजुरी वेगळी. पुसण्याचे पैसे लावलेलेच नव्हते.

तुम्ही बाबांना ओळखत नव्हतात, मलाही नीट ओळखत नव्हतात. थिनरचा बोळा फिरवला असतात तर कुणी तुम्हाला दोष दिला नसता. मीसुद्धा ‘वा, काय चकाचक केलंय’ म्हणाले असते आणि घरी जाऊन रडले असते. दुसऱ्याची वस्तू हातात घेतल्यावर तिच्यावरच्या प्रत्येक खुणेला काहीतरी कारण असू शकतं असं धरून चालणं, आणि कळत नसेल तर विचारणं. ह्याला डिप्लोमा लागत नाही, महागडं मीटर लागत नाही. एसीच्या दुकानात ते मिळालं नाही. टेबलावर रोझिनचा वास, भिंतीला टांगलेले वायरचे भेंडोळे आणि एका माणसाला उभं राहता येईल एवढीच जागा असलेल्या गाळ्यात मिळालं. अशी माणसं ह्या शहरात अजून बरीच आहेत. रेडिओवाले, घड्याळवाले, पेटी-तबलेवाले, शिलाई मशीनवाले. ‘जमणार नाही’ हे पहिल्याच दिवशी खरं सांगतात, आणि जमेल म्हटलं की जीव लावून करतात. त्यांच्याकडे घासाघीस करणाऱ्यांनी मॉलमध्ये एकदा तरी करून बघावी.

आईला पॅनेल दाखवलं. तिनं ठिपके मोजले, सगळे आहेत म्हणाली. तुम्हाला जेवायला बोलवायला सांगितलंय तिनं, आणि ‘कामं आहेत’ हे कारण ती ऐकून घेणार नाही. काकूंनाही घेऊन या. रविवार चालेल का ते कळवा.

आणि एक काम आहे. आमच्या कीबोर्डवाल्याचा ॲम्पही हम करतोय. मी मागून उघडून पाहिला, त्याचीही हिरवी वायर तोडून टेप लावलेली आहे. वाजवायचा नाही म्हणून त्याला सांगितलंय. सोमवारी संध्याकाळी आणते. त्याचा कीबोर्डही बरोबर आणतो आहे तो, तुम्ही ऐकायला मागाल म्हणून.

तुमची,
टीएनटीवाली