मुलांच्या हातच्या नारळवड्या

फोंडा, गोवा
श्रावण

प्रिय सखी,

तुझं पत्र मिळालं. पावसामुळे मुलं घरात कोंडली गेली, म्हणून हौसेनं नारळाच्या वड्या करायला घेतल्यास आणि शेवटी दोघांना स्वयंपाकघराबाहेर बसवावं लागलं, हे वाचून फार हळहळले. पण तू केलंस ते योग्यच होतं. वडीचं मिश्रण कडेनं सुटायला लागलं की अंगावर उडतं, साखरेचा पाक कातडीला चिकटून बसतो आणि उलथनं क्षणभरही थांबवता येत नाही. तिथे मुलांनी फक्त बघायचं, नाहीतर ताट थापून झाल्यावर काजूचे तुकडे लावायचे. मुलांना काम हवं असतं गं, खरं काम.

म्हणून आमच्याकडे हल्ली मुलं हाताशी असली की नारळाच्या वड्या ओव्हनमध्ये भाजतो. खाली खुसखुशीत बिस्किटाचा थर, वर ओल्या खोबऱ्याचा. यातलं कालवणं, मळणं, थापणं सगळं थंडच असतं. ओव्हनचं दार उघडण्यापुरती मी आणि बाकी सगळं त्यांचं.

सुरुवात मात्र नारळापासून कर. पाकिटातला कीस घेतलास तर अर्धी गंमत तिथेच संपली. नारळ सोलून शेंडी काढली की तीन डोळे दिसतात ना, त्यातला एकच मऊ असतो. कोंब त्याच डोळ्यातून बाहेर येतो. हे मुलांना आधी सांगू नकोस, काडी देऊन शोधायला लाव. धाकट्याला तो डोळा सापडतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मग पाणी पेल्यात काढायचं, वाटून प्यायचं आणि नारळ कोयत्याच्या पाठीनं आपण फोडायचा. खवणीवर थोरली बसते. हात कसा फिरवायचा ते सासूबाईंनी शिकवलंय: करवंटी गोल फिरवत राहायची, जोर लावायचा नाही, तपकिरी दिसायला लागलं की थांबायचं. तुझी मुलगी तेवढी झालीय, तिला शेजारी बसून करू दे. धाकट्यांना विळीपासून दूर ठेव, त्यांच्यासाठी पुढे भरपूर आहे.

खवताना गप्पा रंगतात. परवा सासऱ्यांनी मुलांना विचारलं, माड हे झाड आहे की नाही? दोघंही म्हणाली, हा काय प्रश्न झाला! मग त्यांनी सांगितलं की 2016 साली आपल्या गोव्यातच कायदा बदलून माडाला झाडांतून वगळलं होतं, म्हणजे तोडायला परवानगी घ्यायची गरजच नाही. केवढा गदारोळ झाला होता, तुला आठवत असेल. 2017 मध्ये ते फिरवलं आणि माड राज्यवृक्ष झाला. थोरली खवता खवता थांबली आणि म्हणाली, "पण आजोबा, मधल्या वर्षात माडाला काय म्हणायचे?" मला तो प्रश्न फार आवडला. ज्याच्या घरी खोबऱ्याशिवाय आमटी होत नाही, त्याला हे असंच विचारावंसं वाटणार.

आता प्रमाण लिहिते. खालच्या थराला मैदा 150 ग्रॅम, थंड लोणी 90 ग्रॅम, पिठीसाखर 40 ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहातांनी नको, कारण तळव्याच्या उबेनं लोणी वितळतं आणि थर कडक होतो. लहान बोटांना हे छान जमतं. ओल्या वाळूसारखं झालं की आठ इंची चौकोनी भांड्यात कागद घालून वाटीच्या बुडानं दाबून बसवायचं, काट्यानं टोचायचं आणि 180 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं, कडा किंचित सोनेरी होईपर्यंत भाजायचं. हे भाजून घेणं टाळू नकोस, नाहीतर वरच्या खोबऱ्याचा ओलावा खाली मुरतो आणि थर कच्चाच राहतो.

वरच्या थराला एका मोठ्या नारळाचं खोबरं, साधारण दोन वाट्या भरून, पाऊण डबा कंडेन्स्ड मिल्क, तीन मोठे चमचे बारीक रवा, वेलची आणि पुन्हा किंचित मीठ. रव्याची युक्ती शेजारच्या आंटीची. तिच्याकडे नाताळाला बात नावाचा केक करतात, त्यात रवा आणि खोबरं कालवून रात्रभर ठेवतात. रवा ओलावा पिऊन फुगतो आणि मग भाजल्यावर तुकडा भुगा न होता सलग कापला जातो. आपल्या वड्यांना रात्रभर नको, अर्धा तास पुरतो. ओलं खोबरं घेतलं की रवा हवाच. अंडं यात कुठेच नाही, त्यामुळे आमच्याकडे श्रावणातही चालतं आणि सासूबाईही आवडीनं खातात.

हे सगळं खालच्या थरावर पसरून पुन्हा 180 अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं. वरची टोकं बदामी झाली, कडा भांड्यापासून सुटल्या की काढायचं. त्या वेळी घरभर जो वास सुटतो, त्यानं वरच्या मजल्यावरची पोरंसुद्धा खाली येतात.

आणि इथे खरी परीक्षा असते. कापायचं नाही! गरम असताना मधला भाग लिबलिबीत असतो. खोबऱ्यातलं तेल साधारण 24 अंशांखाली गोठतं आणि आपल्याकडे पावसातही घर त्याहून गरम, त्यामुळे नुसतं ओट्यावर ठेवून ते कधीच घट्ट होत नाही. पूर्ण निवल्यावर तासभर फ्रिजमध्ये ठेव, मग सुरी पुसत पुसत काप. खायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढून ठेव, नाहीतर चव उमलत नाही. या तासाभरात मुलं भांडी घासतात. सांगावं लागत नाही, कारण फ्रिजपासून लांब जायचं नसतं.

मला स्वतःला माडाच्या गुळाच्या वड्या जास्त आवडतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ते काळे, वर निमुळते होत गेलेले गूळ मिळतात ना, त्यातला थोडा किसून घालायचा आणि कंडेन्स्ड मिल्क तेवढं कमी करायचं. दोदोल या गोव्याच्या मिठाईची आठवण यावी असा धुराचा, खमंग गोडवा येतो. मुलं मात्र पांढऱ्याच मागतात, आणि करणारे तेच असल्यामुळे बहुतेकदा पांढऱ्याच होतात. तुझ्यासाठी एक गूळ बांधून ठेवलाय.

ओलं खोबरं या दमट हवेत लवकर आंबतं, म्हणून वड्या फ्रिजमध्येच ठेव आणि तीन-चार दिवसांत संपव. कुरियरनं पाठवाव्यात असं फार वाटलं, पण नाशिकपर्यंत टिकायच्या नाहीत. तुमच्याकडे चांगला नारळ मिळाला नाही तर सुका कीस कोमट दुधात भिजवून घे आणि रवा एकच चमचा घाल, काम होईल. पण चवथीला तुम्ही येताय, हे मी धरून चालले आहे. गणपतीच्या वर फळंपानं टांगायची ती माटोळी बांधायला तुझ्या मुलाला आमच्या धाकट्यानं आधीच बोलावून ठेवलंय, आणि पातोळ्यांना हळदीची पानं परसातलीच. तिकिटं काढलीस की कळव, त्या आठवड्यात नारळ पाडून घ्यायला पाडेलीला आधी सांगावं लागतं.

भावजींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझीच,
फोंड्याची मैत्रीण