कोळशाची पूड आणि समानतेचे धडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांतून समानता शिकवण्याविषयीचा रविवारच्या अंकातला लेख वाचला. लेखकमहाशय म्हणतात, मुलांना वंशभेद म्हणजे काय ते लहानपणीच कळायला हवं. त्यांनी निश्चिंत असावं, कळलेलं आहे. आमच्या घरी ते स्नेहसंमेलनातून आलं.

माझी नात चौथीत आहे. तिच्या शाळेने यंदा विश्वबंधुत्वावर नाच बसवला. कुणी जपानी झाली, कुणी मडम. 'आफ्रिके'साठी सहा मुलं निवडली, कमरेला चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, बांधली, हातात काठ्या दिल्या आणि खोबरेलात कालवलेली कोळशाची पूड तोंडाला फासली. नातीची पाळी आली तशा बाई म्हणाल्या, "हिका रंग लावपाची गरज ना!" सगळे हसले. तीही हसली म्हणे. तेव्हापासून वर्गात तिचं नाव 'खापरी', म्हणजे काळा हबशी. आता ऊन उतरल्याशिवाय पोर अंगणात येत नाही. मी शाळेत गेलो तर उत्तर मिळालं, "आजोबा, मुलं गंमत करतात." अहो, पण गंमत सुरू कोणी केली?

मी धुतल्या तांदळाचा नाही. लाडात तिला 'काळी मैना' मीही म्हटलंय. तिचा मोठा भाऊ तर घटनेचं भेदभावाला मनाई करणारं कलम १५ घडाघडा म्हणतो आणि वर मला ऐकवतो, "आबा, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. रंग खंय आसा?" वकील होणार कार्टा.

त्या नाचात 'आफ्रिकी' मुलांनी 'हुगा हुगा' करून ओरडायचं होतं. बाईंना कोणीतरी अनमोड घाट ओलांडून यल्लापूर-हल्याळकडे न्यावं. तिथे सिद्दी राहतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, आणि त्यांतल्या कित्येकांचे पूर्वज पोर्तुगिजांच्या गोव्यातूनच पळून त्या रानात गेले. ते घरात काय बोलतात? कोकणी! आणि नैरोबीत गोव्याच्या आईबापांपोटी जन्मलेला आपला पिओ गामा पिंटो? केनियाच्या स्वातंत्र्यासाठी इंग्रजांच्या कैदेत राहिला आणि १९६५ साली त्याच नैरोबीत गोळ्या घालून मारला गेला. विश्वबंधुत्वच दाखवायचं होतं तर हा गोंयकार होता की. पण त्याला कोळसा लागत नाही, चुडतं लागत नाहीत, मग नाच कसा बसायचा?

आता आपल्याविषयी थोडं, रागावू नये. ज्या अंकात हा लेख, त्याच अंकात आत मथळा होता, 'चोरीप्रकरणी परप्रांतीयास अटक'. पेडण्याचा किंवा काणकोणचा चोर सापडला की आपण 'युवकास अटक' छापता, तिथे त्याचा प्रांत आठवत नाही. माझ्या नातीच्या वर्गात तीन मुलं कर्नाटकातली आहेत. त्यांचे बाप गवंडीकाम करतात आणि त्या मुलांना वर्गात 'घाटी' म्हणतात. तीही पोरं वाचायला शिकली आहेत. आपलाच पेपर वाचनालयात येतो.

जागेअभावी पत्र कापावं लागलं तर माझ्या नातवाचं कापा, हा शेवटचा परिच्छेद राहू द्या. मागच्या खेपेस नेमका शेवटचाच गेला होता.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, डिचोली